ट्रेनिंगसाठी मोठं ऑफिस की वस्तीत काम करणारी अडीच वर्षांची संस्था?

पडवी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

पुण्यात बी.आर्क.च्या चौथ्या वर्षाला आहे आणि पुढचं सेमिस्टर ट्रेनिंगचं. दोन ठिकाणांहून होकार आलाय. एक मुंबईतलं बऱ्यापैकी नाव असलेलं ऑफिस, चाळीसेक लोकं, टॉवर आणि हॉटेलांची कामं, महिना १२ हजार. दुसरी एक संस्था, ना-नफा वाली, अडीच वर्षं झालीत सुरू होऊन. एकूण चार माणसं, त्यातले दोन आर्किटेक्ट, एक समाजकार्य शिकलेली ताई आणि हिशोबाला अर्धवेळ येणारे एक काका. लोकांना बरोबर घेऊन वस्तीतली घरं, सार्वजनिक संडास, अंगणवाड्या असं काम करतात. आत्ता सोलापूर जिल्ह्यात दोन अंगणवाड्या चालू आहेत, मला तिकडेच पाठवतील. ६ हजार, आणि साईटवर असेन तेव्हा राहणं-जेवण त्यांचं.

मन दुसरीकडे ओढतंय पण कॉलेजातले सर म्हणाले तिकडे सर्व्हेचे फॉर्म भरत बसशील, पोर्टफोलिओत काय टाकणार? बाबांचं म्हणणं समाजसेवा रिटायर झाल्यावर करतात. कुणी अशा ठिकाणी काम केलंय का? आणि होकार कळवायच्या आधी त्यांना काय काय विचारून घ्यावं?

अर्धा_चहा
१२ वजा ६ म्हणजे तुमच्या समाजसेवेचा दर महिना ६ हजार. बाबांना सांगा, देणगी समजून ८०जी ची (करसवलतीची) पावती मागा. ह.घ्या. (हलकं घ्या) :)

ओळंबा
मी आर्किटेक्ट नाही, बांधकामं घेतो, तीस वर्षं झाली. मोठ्या ऑफिसातनं आलेली पोरं बघितलीत. मुलगा हुशार, कॉम्प्युटरवर बोटं अशी पळतात, पण साईटवर गवंड्यानं विचारलं की साहेब जोतं रस्त्यापासनं किती वर घेऊ तर मोबाईल काढून सरांना फोन. मुंबईच्या ऑफिसात पाच महिने तू टॉयलेटच्या टाईल्सचे डिटेल काढशील, लिहून घे माझ्याकडून.

टॉयलेटचेच काढायचेत तर निदान ज्याला आत्ता संडास नाही अशा माणसासाठी काढ.

रिकामटेकडी
ओळंबा, शेवटच्या वाक्याला दंडवत.

फक्की
पडवी, मी २०१७ मध्ये नेमकं हेच केलंय. संस्थेचं नाव देत नाही, तेव्हा ती तीन वर्षांची होती.

तुझ्या सरांचं अर्धं खरं आहे. पहिले तीन आठवडे मी फक्त मोजलं. एका वस्तीतली साधारण दीडशे घरं, टेप एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला वस्तीतलंच कुणीतरी शाळा बुडवलेलं पोरगं. वस्तीतल्या घरांना काटकोन नसतो. चारी भिंती मोजल्यास तरी घरी येऊन काढायला बसलीस की खोली बंदच होत नाही, एक कोपरा उघडा राहतो. दोन्ही कर्ण मोजल्याशिवाय उठायचं नाही हे मी दोन वेळा परत गेल्यावर शिकले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्या घरातल्या काकी म्हणाल्या, "बाई, मागच्या वर्षी पण मोजून गेले, त्याच्या आधी निवडणुकीला मोजून गेले, आमचं घर काय मोजून मोजून मोठं होणाराय का?" काय उत्तर देणार. गप्प बसले, त्यांनी चहा दिला.

दुसरी गोष्ट म्हणजे नकाशा. आपल्याला पाच वर्षं शिकवतात म्हणून प्लॅन वाचता येतो. आम्ही सुंदर रंगीत शीट छापून मीटिंगला नेलं, सगळ्या बायका माना डोलावून हो हो म्हणाल्या आणि आम्ही खूश. गवंडीकाम करणारा वस्तीतलाच एकजण नंतर बाजूला घेऊन म्हणाला, मॅडम, त्यांना यातलं काही कळलेलं नाही, तुम्ही लांबून आलात म्हणून हो म्हणतायत. दुसऱ्या दिवशी त्यानंच गोणीभर फक्की (आखणीची पांढरी भुकटी) आणली आणि मोकळ्या जागेत पूर्ण मापाचं घर आखलं. पाच मिनिटांत भांडणं सुरू! मोरी इथे नको, दारातून दिसते. पाण्याचं पिंप कुठे ठेवायचं? सासरा रात्री कुठे झोपणार? एकीनं तर सरळ फक्की पायानं पुसली आणि दार सरकवलं. दीड महिन्यात जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या एका सकाळी कळलं. माझा आयडी तिथूनच आलाय.

नंतर वाचलं तेव्हा समजलं की यात नवं काहीच नाही. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी महिला मिलन (त्यांचीच संघटना) आणि स्पार्क या संस्थेबरोबर १९८०च्या दशकातच साड्या, कापड, बांबू लावून पूर्ण मापाची घरं उभी करून बघितली होती. आतमध्ये उभं राहून ठरवलं की उंची वाढवा म्हणजे पोटमाळा बसेल. कॉलेजात मला हे कुणी सांगितलं नव्हतं, तिथे चंदीगडवाला कोर्बुझिए आणि कोर्बुझिए.

खुसपट
सगळं छान छान चाललंय म्हणून जरा विरजण घालतो.

एक, "लोकांना बरोबर घेऊन" हे आजकाल प्रत्येक प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाईडवर असतं. दुपारी तीन वाजता मीटिंग ठेवायची, जी माणसं कामावर जातात ती नसतातच, ज्या येतात त्यांचे फोटो काढायचे, रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवायच्या, झाला सहभाग. मग डिझाईन आधी ठरलेलंच.

दोन, अशा संस्था इंटर्नवर चालतात. दर सहा महिन्यांनी नवीन पोरं, तीच वस्ती, तेच प्रश्न. फक्कीच्या काकी बरोबर बोलल्या. पोराचा पोर्टफोलिओ भरतो, काकींचं छप्पर गळतंच.

तीन, ६ हजारात काम करणं ज्याला घरून पैसे येतात त्यालाच परवडतं. म्हणजे वस्तीत वाढलेली मुलगी आर्किटेक्ट झाली तर ती वस्तीत काम करू शकणार नाही, ती टॉवरच्याच ऑफिसात जाणार. हा विनोद कुणाला दिसतोय का?

अर्धा_चहा
खुसपट आले, आता धागा शंभरी गाठणार.

फक्की
खुसपट, तिसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. माझ्या आईने तेव्हा महिना ४ हजार पाठवले म्हणून मी राहू शकले, ते इथे लिहायला हवं होतं.

पहिल्याबद्दल, आमच्या मीटिंगा रात्री साडेनऊला असायच्या, नळाचं पाणी भरून झालं की. पडवी, हा एक प्रश्न विचारच त्यांना, मीटिंग किती वाजता घेता. उत्तर "अकरा ते एक" आलं तर समजून जा.

तेरणाकाठ
मी सहसा लिहीत नाही पण आज लिहितो. माझं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, पहाटे ३:५६. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. मी दहा वर्षांचा होतो. जवळपास दहा हजार माणसं गेली त्या पट्ट्यात, आमच्या घरातली दोन. घरं दगडाची, भिंती दोन-अडीच फूट रुंद, दगड मातीत रचलेले आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. माळवदावर दर वर्षी माती टाकायची म्हणजे गळत नाही, वर्षानुवर्षं वजन वाढत गेलं आणि ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं.

मग पुनर्वसन झालं. ५२ गावं नव्या जागी वसवली. घरं मजबूत मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही, फुकटात कुणी देतं का. पण नवं गाव बघितलं की मिलिटरी कँप वाटायचा. सरळ रांगा, रुंद रस्ते, एका मापाची घरं. जुन्या गावात गल्लीला सावली असायची, आजी ओट्यावर बसून चार घरांशी बोलायची. नव्या गावात समोरचं घर इतकं लांब की हाक मारावी लागे. बैल कुठं बांधायचे याचा विचार नाही, कडबा कुठं रचायचा याचा नाही. आजी तर वर्षभर घरात झोपलीच नाही, बाहेर पत्र्याखाली झोपायची, सिमेंटच्या छताकडे बोट दाखवून म्हणायची हे त्याच्याहून जड दिसतंय.

नंतर हळूहळू लोकांनी आपापल्या मनाने ओटे काढले, पुढे पडव्या काढल्या, गोठे जोडले. आता जरा गावासारखं दिसतं.

एक चांगलंही सांगतो. जी घरं नुसती भेगाळली होती त्यांच्या दुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावी बायकांना संवाद सहायक नेमलं होतं. आमची मावशी होती. चौथी शिकलेली बाई, इंजिनिअरला विचारायची कोपऱ्यात दगड उभा का घातला, भिंतीच्या आरपार जाणारा आडवा जोडदगड कुठाय. पुढं ती बचत गट चालवायला लागली. खुसपट म्हणतात ते फोटोपुरतं होत असेल, पण मावशीच्या बाबतीत नाही झालं.

पडवी, तुमचा आयडी वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या नव्या घराला पडवी नव्हती.

रिकामटेकडी
तेरणाकाठ, हे वाचून पाच मिनिटं काही सुचलं नाही. माळवदाचं वजन दर वर्षी वाढत गेलं हे माहीतच नव्हतं. सवडीने वेगळा धागा काढाच.

सेक्टर_आठ
लोक घराला ओटे जोडतात यावरून आठवलं. थोडं अवांतर होतंय. मी सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये वाढलो. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं ते, ऐंशीच्या दशकातलं. सात-सात घरं एका अंगणाभोवती, आणि मुद्दाम एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी सामायिक नाही, का तर ज्याला पाहिजे त्याने वाढवावं. लोकांनी इतकं मनावर घेतलं की आता बऱ्याच ठिकाणी मूळ घर सापडत नाही, त्या जागी दोन-तीन मजली बंगले! दर वर्षी आर्किटेक्चरची पोरं कॅमेरे घेऊन यायची आणि हळहळायची. आई त्यांना पाणी द्यायची आणि नंतर आम्हाला म्हणायची, ह्यांना एका खोलीत सहा जणांना झोपवून बघा म्हणजे हळहळ जाईल.

पण अंगणं बऱ्याच ठिकाणी शाबूत आहेत. घरं बदलली, अंगण कुणी खाल्लं नाही. मला त्या माणसाची कमाल तिथे वाटते.

ओळंबा
कोरियांवरून आर्किटेक्ट लॉरी बेकर निघणारच आहे कुणाच्यातरी तोंडून, म्हणून आधीच सांगतो. इंटर्न पोरं आली की पहिल्या दिवशी रॅट ट्रॅप बाँड. विटा आडव्या निजवायच्या ऐवजी उभ्या लावायच्या, मधे पोकळी, साधारण पाव हिस्सा विटा वाचतात, घर थंड राहतं. सगळं खरं. बेकरनी केरळात करून दाखवलंय. पण त्याला वीट सरळ लागते, कडा धारदार लागतात. आमच्याकडच्या भट्टीची वीट बघितली का? एक पावणेनऊ इंच, दुसरी सव्वाआठ. तिथं उभी लावायला गेलं की वाचलेल्या विटांचे पैसे सिमेंटात जातात आणि गवंडी निम्म्या वेगानं काम करतो वर शिव्या देतो ते वेगळं.

मी केलंय, एका शाळेचं. भट्टीवाल्याकडे जाऊन आधी विटा निवडून घेतल्या आणि दोन गवंड्यांना सात दिवस नुसती कुंपणाची भिंत बांधायला लावली, मोडली, परत बांधली. ते सात दिवस कुणाच्या बजेटमध्ये लिहिलेले नसतात. संस्थेला हे पण विचार, गवंड्याला शिकवायचा खर्च कुठं धरता?

पगारपत्रक
मी अशा दोन संस्थांचे हिशोब बघतो (पडवीच्या धाग्यातला काका मी नव्हे). कुणी पैशाचं बोलत नाहीये म्हणून बोलतो.

अडीच वर्षं हा आकडा वाचून माझे कान टवकारले. कंपन्यांचा सीएसआरचा (समाजकार्यासाठी काढलेला) पैसा घ्यायचा तर कंपनीच्या बाहेरच्या संस्थेला तीन वर्षांच्या कामाचा इतिहास दाखवावा लागतो. परदेशी देणगीसाठीच्या नोंदणीलाही सर्वसाधारणपणे तीन वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे आत्ता ही मंडळी बहुतेक ओळखीच्यांच्या देणग्या, एखादी फेलोशिप आणि दोघा आर्किटेक्टांच्या बाहेरच्या खाजगी कामांवर चालली असणार. नवीन संस्थेचं हे नेहमीचंच. सहा महिन्यांनी तीन वर्षं भरतील तेव्हा सगळे प्रस्ताव लिहायला बसतील, आणि अंदाज करा प्रस्तावातली ड्रॉइंगं आणि तक्ते कोण करणार? इंटर्न.

मी वाईट म्हणत नाही. प्रस्ताव लिहिता येणं ही मोठी विद्या आहे. पण साईटचे किती दिवस आणि टेबलाचे किती, हे आधी तोंडी तरी ठरवून घ्या. आणि ६ हजार कितव्या तारखेला, हे विचारताना लाजू नका.

चौकस_आई
माझी मुलगीही याच क्षेत्रात आहे म्हणून विचारते. सोलापूर जिल्ह्यात राहायची सोय कुठे? गावात एकटीने की बरोबर ती समाजकार्यवाली ताई असेल? साईटवर बायकांसाठी संडास आहे का, का संडास बांधणाऱ्यांनाच संडास नाही? हसू नका, माझ्या मुलीच्या बाबतीत हेच झालं, दिवसभर पाणी न पिता काढायची, शेवटी युरिन इन्फेक्शन.

अर्धा_चहा
हसलो नाही हो ताई.

रिकामटेकडी
चौकस_आई +१. हा प्रश्न यादीत पहिला टाक गं.

फक्की
अजून एक सुचलं. पडवी, होकार द्यायच्या आधी पुण्यातच येरवड्याला एक चक्कर मार. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर-सुधारणा योजनेच्या काळात तिथे वस्ती न हलवता जागच्या जागी घरं बांधली, साधारण २७० चौरस फुटांची. महिला मिलन आणि स्पार्क होते, आर्किटेक्ट प्रसन्न देसाई. पक्की घरं ठेवली, कच्ची तेवढी पाडून नवी केली, त्यामुळे गल्ल्यांची वळणं तीच राहिली. कुणाची जागा अडीच मीटर रुंद, कुणाची तिरकी, म्हणून दोन-तीन घरांनी मिळून एकत्र वर जायचं वगैरे. तुझ्या सरांना सांग, पोर्टफोलिओत टाकायला एवढं अवघड भूमितीचं गणित टॉवरमध्ये मिळणार नाही. आणि नगरचं संजयनगरही बघ, २९८ कुटुंबांची वस्ती, तिथे कम्युनिटी डिझाईन एजन्सीने रहिवाशांबरोबर बसून घरं आखली.

खुसपट
येरवडा पाहिलंय, चांगलं आहे, मान्य करायला जड जातंय.

पण मग मुंबईतलं गोवंडीही बघा. नटवर पारेख कंपाऊंडच्या इमारतींमध्ये जेमतेम ३ मीटरचं अंतर, खालच्या मजल्यांवर दिवसा दिवे. टीबी तिथे जास्त आढळतो हे डॉक्टरांनीच अभ्यास करून सांगितलं. ते पण कुणीतरी आर्किटेक्टनेच सही करून पास केलंय ना? आता तिथे संस्था जाऊन भिंती रंगवतात, पोरांसाठी जागा करतात, चांगलंच आहे, पण रंगाने ऊन येत नाही. माझं म्हणणं इतकंच की पडवी, वस्तीत सहा महिने घालव नाहीतर नको घालवू, पण पुढे जाऊन ३ मीटरच्या ड्रॉइंगवर सही करू नको.

ओळंबा
खुसपट पहिल्यांदा आवडले.

पडवी
बापरे, दोन दिवस सबमिशनमध्ये होते आणि इथे एवढं! सगळ्यांचे आभार. तेरणाकाठ, तुमचं आईला वाचून दाखवलं.

प्रश्नांची यादी घेऊन त्यांना फोन केला. उत्तरं अशी. मीटिंग संध्याकाळी सातनंतर, शेतातून बायका आल्या की. राहायची सोय ताईबरोबर एका शिक्षिकेच्या घरी, वरची खोली, संडास आहे (ताईने स्वतःहून सांगितलं, मी विचारायच्या आधी!). साईट आणि टेबल साधारण अर्धं-अर्धं, प्रस्ताव लिहावे लागतील हे मान्य केलं. पैसे "पाच तारखेला, कधीकधी बारा". गवंड्याला शिकवायच्या खर्चावर फोनवर बराच वेळ शांतता आणि मग म्हणाले, आम्ही धरलेला नाही, धरायला हवा.

एक राहिलं. कॉलेज म्हणतंय ट्रेनिंगचं सर्टिफिकेट कौन्सिलकडे (आर्किटेक्टांच्या नोंदणीची राष्ट्रीय संस्था) नोंदणी असलेल्या आर्किटेक्टच्या सहीचं हवं. दोघांपैकी एकाचीच नोंदणी जुनी आहे. चालेल ना?

फक्की
ज्याची आहे त्याच्या हाताखाली आहेस असं ऑफर लेटरवरच लिहून घे, त्याच्या नोंदणी नंबरासकट. आणि किती वर्षांची नोंदणी लागते ते कॉलेजच्या ट्रेनिंग कोऑर्डिनेटरकडून लेखी घे. आमच्या बॅचमधल्या एकाचं सेमिस्टर यात अडकलं होतं.

चौकस_आई
वरची खोली म्हणजे एप्रिलमध्ये सोलापुरात भट्टी. कूलर आहे का विचार.

खुसपट
"धरायला हवा" हे उत्तर मला आवडलं. ज्यांच्याकडे सगळ्याची उत्तरं तयार असतात त्यांच्यापासून लांब राहावं.

पडवी
शेवटची अपडेट. परवा त्यांनी स्वतःच बोलावलं, एसटीने जाऊन आले. मागच्या वर्षी पूर्ण झालेली एक अंगणवाडी दाखवली. खिडकी जमिनीपासून दीड फुटावर, बाहेरून कट्ट्यासारखी. मी म्हटलं वा, मुलांच्या उंचीचा विचार केलाय. तर सेविका बाई म्हणाल्या, "ह्यांनी वर काढली होती, मी खाली घ्यायला लावली. पोरं आत रडत्यात, आई बाहेर बसलेली दिसली की गप होत्यात." तो आर्किटेक्ट शेजारीच उभा होता, मान खाली घालून हसत होता.

मग बाई सुरू झाल्या. पोषण आहाराची पोती ठेवायच्या खोलीत कोपऱ्यातून पाणी येतं, कपाटाचं दार वाळकं लाकूड नव्हतं म्हणून फुगलंय, उंदीर. ताईने पिशवीतून एक वही काढली आणि लिहून घेतलं. मी वही मागून चाळली. त्या एका अंगणवाडीची पाच पानं होती, तारखा घालून, काही ओळींवर काट मारलेली, काहींवर नाही. गळतीची ओळ आधीही एकदा लिहिलेली होती आणि काट मारलेली होती, म्हणजे दुरुस्त करून परत गळतंय. बाईंनी तेही ऐकवलं.

परत येताना एसटीत बसल्या बसल्या मुंबईला नाही कळवून टाकलं. बाबा दोन दिवस बोलत नव्हते, आज विचारलं बसचं रिझर्व्हेशन केलंस का.

एक तारखेला जातेय. घेऊन काय काय जाऊ?

ओळंबा
गळतीचा कोपरा कुठल्या दिशेचा ते बघ आधी. पोती ठेवायची खोली म्हणजे बहुतेक पश्चिमेला ढकललेली असणार आणि स्लॅबची पन्हाळी भिंतीलगत सोडलेली असणार. फोटो इथे टाक.

आणि टेप स्टीलची घे, पाच मीटरची एक आणि तीस मीटरची एक. कापडी घेऊ नको, ताणली जाते, मग फक्कीसारखं तीन वेळा जावं लागतं.

फक्की
अहो माझी पण स्टीलचीच होती!

अर्धा_चहा
येताना शेंगाचटणी आण. पावती नको.